पहिले पाणी, मग मासा

'मासा मेला का? बरं झालं! तुमच्या घरावर येणारं संकट त्यानं स्वतःच्या अंगावर घेतलं. आता लगेच दुसरा न्या. जागा रिकामी ठेवू नका.'

हे एवढं ऋत्विकनं लाल अक्षरांत छापलं, प्लास्टिकच्या कव्हरात घातलं आणि काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवलं. गिऱ्हाइकाला दिसणार नाही, पण पूनमला दिसल्याशिवाय राहणार नाही, अशा बेतानं. वर मथळा होता, 'कस्टमर मेलेला मासा घेऊन आल्यास'. पूनमनं ते वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वर्षं ती खामगावातल्या या दुकानात रंगीत मासे विकत होती. नऊ वर्षांत मेलेल्या माशाला तिनं कधी 'बरं झालं' म्हटलं नव्हतं. कुणाच्या मयतीला जाऊन पेढे मागतं का कोणी? पण ऋत्विकला हे सांगायचं कोणी! तो पुण्याच्या मॉलमधून तीन वर्षं शिकून आला होता. काय शिकून आला होता ते त्यालाच ठाऊक, मासे मात्र शिकला नव्हता. मोलीला गप्पी म्हणायचा आणि गप्पीला 'हे छोटेवाले'.

दुकान मूळचं फकीर मोहम्मद चाचांचं. चाचांची एक रीत होती, ती आसपासच्या सगळ्या गावांना माहीत होती. पहिल्यांदा मासा घ्यायला आलेल्या माणसाला चाचा मासा देतच नसत. आधी विचारायचे, "गाव कोणतं?" मग विचारायचे, "पाणी कायचं? बोअरचं, का नळाचं?" आणि मग त्याला चक्क परत पाठवायचे. "घरचं पाणी बाटलीत भरून आणा. पहले पानी, फिर मछली."

लोक चिडायचे. "मासा घ्याले आलो का रगत तपासाले आलो बे?" असं एक जण भर दुकानात ओरडला होता. चाचा हसले, त्याला चहा पाजला आणि तसंच पाठवलं. तो आठ दिवसांनी बाटली घेऊन आला. चाचांच्या दुकानात भिंतीला एक लांब फळी होती, तिच्यावर या बाटल्या ओळीनं उभ्या असत. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि गावाचं नाव: अमडापूर, डोणगाव, वरवट बकाल. पूनमनं सगळी विद्या त्या फळीपाशी घेतली. पूर्णा नदीकडची गावं खारपाणपट्ट्यातली. तिकडच्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही की डाळ शिजत नाही. त्या पाण्यात मोली मजेत राहते आणि नाजूक मासा सकाळपर्यंत उलटा होतो. काही लोक मायेपोटी माशाला फिल्टरचं जारचं पाणी घालत, आपण खारं पितो पण याला तरी गोड मिळो म्हणून, आणि मोली नेमकी त्यानंच मरायची. ही असली गंमत पुण्याच्या मॉलमध्ये कोण शिकवणार?

चाचांचे गुडघे गेले, साखर वाढली, आणि दुकान इंद्रभान शेठनं घेतलं. शेठची मोबाइलची दुकानं होती, त्याला वाटलं मासेही तसेच डब्यात घालून द्यायचे असतात. त्यानं भाच्याला, म्हणजे या ऋत्विकला, गादीवर बसवलं. ऋत्विकनं पहिल्याच दिवशी फळीकडे बोट दाखवलं. "हे काय, देशी दारूच्या गुत्त्यासारखं? काढा सगळं." आणि बाटल्या मागच्या गटारीत ओतल्या. पूनम बघत राहिली. दहा-बारा वर्षांची गावं गटारीत गेली. पाणी तपासायची निळी पेटी, नळ्या आणि थेंबांच्या कुप्या असलेली, ती मात्र चाचांनी जाताना पूनमच्या हातात दिली होती. ती तिनं खालच्या कप्प्यात, खाद्याच्या पिशव्यांखाली लपवली. आपलीच मोरी अन् मुतायची चोरी, दुसरं काय!

ऋत्विकचा नियम एकच होता. "कस्टमर रिकाम्या हातानं पायरी उतरता कामा नये. पाणी-बिणी विचारलं की तो विचारात पडतो. विचारात पडला की गेला. तुम्ही शिक्षिका नाही ताई, तुम्ही सेल्समध्ये आहात." रोज सकाळी तो मोबाइल पुढे करून टारगेट दाखवायचा. पूनम मान हलवायची. घरी दोन लेकरं होती, नवऱ्याची रिक्षा चार दिवस चालायची आणि तीन दिवस गॅरेजात पडायची. मान हलवण्याशिवाय काय करणार होती ती? पण मान हलवताना ती दात इतके आवळायची की संध्याकाळी जबडा दुखायचा.

आणि अशात सरस्वतीबाई आल्या.

सरस्वतीबाई वरवट बकालच्या. साठी ओलांडलेली, खणखणीत आवाजाची बाई. मुलगा गोविंदा आणि सून पुण्याकडे कंपनीत, आणि नात छकुली आजीजवळ. छकुली सात वर्षांची, तोंडानं वटवट. दुकानात शिरल्या शिरल्या तिनं काचेला नाक लावलं ते काढेचना.

"हा डोळे काऊन झाकत नाई वं?"

"त्याला पापण्या नसतात," पूनम म्हणाली. "तो उघड्या डोळ्यांनीच झोपतो."

छकुलीनं विचार केला. "मंग शाळेत झोपला तं मास्तरले समजतच नसन!"

पूनमला कित्येक दिवसांनी खरं हसू आलं. ती सरस्वतीबाईंकडे वळली आणि जुन्या सवयीनं म्हणाली, "आजी, गाव कोणतं? पाणी बोअरचं का..."

"पूनम ताई," ऋत्विक मध्येच बोलला, गोड, अगदी लाडूसारखा. "बेबीला गोल्डफिशची जोडी आवडली आहे. पॅक करा. बाउल पण द्या, गोल वाला."

पूनमनं बघितलं. ऋत्विक हसत होता, पण भुवई वर होती. गोल काचेचं भांडं, दोन-चार ओंजळी पाणी मावेल एवढं, आणि त्यात गोल्डफिश! उतारूंनी भरलेल्या काळीपिवळीत म्हैस घालावी तसं. पूनमनं पिशवीत पाणी भरलं, मासे घातले, रबर लावलं. बाटली आणा, हे दोन शब्द तिच्या ओठावर आले आणि तिथेच सुकले.

चौथ्या दिवशी सरस्वतीबाई परत. हातात वर्तमानपत्राची पुडी. उघडली तर दोन्ही मासे, पोटं वर. "चार दिसबी नाई राह्यले हो बाई. पोरगी लडून लडून आडवी झाली. तिले काल तापबी होता."

पूनम तोंड उघडणार तेवढ्यात टक टक आवाज आला. ऋत्विक त्या लाल अक्षरांच्या कागदावर नख आपटत होता. इकडं बघत नव्हता, मोबाइलमध्येच बघत होता, पण नख चालू होतं. टक टक.

आणि पूनम म्हणाली. हो, तीच म्हणाली. "बरं झालं आजी. घरावर येणारं संकट त्यानं अंगावर घेतलं. आता दुसरा न्या, जागा रिकामी ठेवू नका."

सरस्वतीबाईंचे डोळे मोठे झाले. "काय म्हनतं बाई! अवं, खरंच तं! मासे मेले अन् आज सकाळी पोरीचा ताप उतरला. अगदी तवाच!" त्यांनी पुडीतल्या माशांना दोन्ही हात जोडले. ऋत्विक मात्र खूष. "बघितलं? विश्वास विकायचा असतो ताई." विश्वास विकायचा असतो म्हणे! ज्याच्याजवळ नाही तो काय विकणार, कपाळ!

आठवड्यानं पुन्हा तेच झालं. पुन्हा पुडी, पुन्हा नख, पुन्हा पूनमचं तेच वाक्य. या वेळी सरस्वतीबाई हळहळत नव्हत्या. उलट घाईत होत्या, औषध संपलं की माणूस घाईत असतो तशा. "पोरीच्या पोटात दुखू राह्यलं होतं. मासा गेला अन् उठून भाकर मांगली. लय सत्त्वाचा मासा हाये तुमचा."

तिसऱ्या खेपेलाही पूनमच्या तोंडून तेच वाक्य निघालं, आणि सरस्वतीबाईंनी काळाच मासा मागितला. काळ्यात जास्त ओढ असते असं त्यांना शेजारणीनं सांगितलं होतं. ऋत्विकनं लगेच काळा, बटबटीत डोळ्यांचा मासा काढला आणि तो खास यासाठीच येतो असं छातीवर हात ठेवून सांगितलं. पूनमला कळत होतं की हे कुठे चाललं आहे. बाई आता मासा पाळायला नेतच नव्हती. मरायला नेत होती. पोरीचं दुखणं थांबत नव्हतं, फक्त मध्ये मध्ये दम खात होतं, आणि तो दम ही बाई माशाच्या नावावर मांडत होती. हे कुणी शिकवलं तिला? पूनमनं शिकवलं. पगारासाठी शिकवलं.

पिशवी देताना तिनं आवाज खाली घेतला. "आजी, पुढच्या बारीला घरचं पाणी बाटलीत आणा. मासा सोडायला भरता ना, तेच, ताजं. विसरू नका."

"त्यानं काय होते?"

"आणा तर खरं."

ऋत्विकनं विचारलं, काय कुजबुजत होता? पूनम म्हणाली, खाद्य किती घालायचं ते सांगत होते.

त्यानंतर सात-आठ दिवसांनी, सोमवार होता, दुकानात चार गिऱ्हाइकं होती. सरस्वतीबाई आल्या त्या मुठीत बाटली घट्ट धरून, गंगेचं पाणी आणल्यासारख्या. "हे घे तुहं पानी," म्हणाल्या, आणि लगेच ऋत्विककडे वळल्या. "मले मोठा मासा पाह्यजे. सगळ्यात मोठा. काळा मेला पन या बारीले पोरगी उठली नाई, कावीळ झाली. माळ घातली, उतरवून आनली, अन्नाचा कन टिकत नाई. लहान्या माशांचं काम नाई राह्यलं हे."

"हा घ्या आजी," ऋत्विक तयारच होता. त्यानं कपाळावर टेंगूळ असलेल्या लाल माशाच्या टाकीवर हात ठेवला. "वास्तूचा मासा. हा सगळं ओढून घेतो. घरातली मोठी मोठी दुखणी."

पूनमनं विचारलं, "दवाखान्यात नेलं का आजी?"

"दवाखाना कायले? तीन बारी मासा गेला, तीन बारी पोरगी उठून बसली. तूच तं म्हनली होती."

तूच तं म्हनली होती. पूनमला ते कानाखाली बसल्यासारखं लागलं. "छकुली कुठे आहे?"

"बाह्यर हाये पायरीवर. चढवत नाई तिले."

पूनम काउंटर ओलांडून बाहेर गेली. छकुली पायरीवर बसली होती, भिंतीला टेकून. गळ्यात काविळीची माळ. पूनमला बघून तिनं हसायचा प्रयत्न केला. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीत बुडवून काढल्यासारखा होता. काचेला नाक लावून वटवट करणारी पोरगी, एक शब्द बोलली नाही!

पूनम आत आली. खाद्याच्या पिशव्या तिनं भराभर बाजूला फेकल्या, निळी पेटी काढली, बाटलीतलं पाणी नळीत ओतलं आणि एका कुपीचे थेंब मोजून टाकले, मग दुसऱ्या कुपीचे.

"ताई, हे काय चाललंय?" ऋत्विक म्हणाला. "कस्टमर उभे आहेत."

"राहू द्या उभे."

पाणी चांगलं असलं की नळीतला रंग पिवळाच राहतो, घाण असली की हिरवा चढतो. शेतात हिरवं दिसलं की जीव गार होतो, या नळीत हिरवं दिसलं की समजायचं पाण्यात कुणाचं तरी मलमूत्र आहे. पाच मिनिटं थांबावं लागतं. पूनमला दोन मिनिटंही थांबावं लागलं नाही. नळी हिरवीगार झाली. नऊ वर्षांत एवढं गडद हिरवं तिनं पाहिलं नव्हतं.

"आजी, बोअरच्या बाजूला काय आहे?"

"काय हाये? संडास हाये. मागच्या सालीच बांधला."

"शोषखड्डा कुठे खणला?"

"तठीच. बोअरपासून पाच पावलं. काऊन?"

"आणि पिता कायचं?"

"बोअरचंच. पाहुना आला तं जार आनतो."

पूनमनं नळी तिच्यासमोर धरली. "हे बघा. खड्ड्यातली घाण बोअरमध्ये उतरली आहे. मासे त्यानंच मेले. सगळे. त्यांनी संकट-बिंकट काही घेतलं नाही आजी. तेच पाणी छकुली पिऊन राह्यली, म्हणून तिला कावीळ. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या तिला."

सरस्वतीबाई मागे सरकल्या. "नाई नाई. तू म्हनली मासा घेते अंगावर. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. मासा मेला का ताप उतरे."

"ताप असाच चढतो उतरतो त्यात!"

"मंग तवा काऊन म्हनली? आता काऊन फिरली? मोठा मासा द्याचा नाई म्हनून?"

"एक्झॅक्टली," ऋत्विक मध्ये घुसला. "आजी, तुम्ही यांचं ऐकू नका, यांना बरं नाहीये. मासा मी पॅक करतो..."

आणि मग पूनमचा बांध फुटला. तिनं काउंटरच्या आतून तो लाल कागद ओरबाडला, कव्हरासकट, चिकटपट्टीचे तुकडे लोंबत होते तसाच, आणि सरस्वतीबाईंच्या हातात कोंबला. "वाचा! तुम्हाला वाचता येतं ना? वाचा! मी जे बोलली ते यावरून बोलली. माझ्या पोटातलं एक अक्षर नव्हतं त्यात. खोटं बोलली मी. तिन्ही बारी खोटं बोलली. हा माणूस नख वाजवत होता अन् मी पोपटासारखी बोलत होती!"

सरस्वतीबाईंनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि चौथीपर्यंत शिकलेलं माणूस वाचतं तसं अक्षराखाली बोट ठेवत मोठ्यानं वाचायला लागल्या.

"कस्टमर... मेलेला मासा... घेऊन आल्यास." त्या थांबल्या. पुन्हा बोट ठेवलं. "मासा मेला का. बरं झालं..." शेवटच्या ओळीवर आल्या तेव्हा त्यांचा खणखणीत आवाज फाटला होता. "जागा... रिकामी... ठेवू नका."

त्यांनी कागद खाली केला. "माही नात गेली असती तं तिच्या जागी कोन आनून देल्लं असतं बे? तू?"

हे त्या ऋत्विकला म्हणाल्या. ऋत्विक दोन पावलं मागे झाला आणि वास्तूच्या माशाच्या टाकीला टेकला. पण थप्पड पूनमला बसली. सरस्वतीबाईंनी वळून, पूर्ण हात मागे नेऊन मारली. चार गिऱ्हाइकांसमोर. पूनमनं गालावर हात नेला नाही. ती म्हणाली, "मारा. पण आधी चला."

तिनं पेटी काखेत घातली, बाहेर जाऊन छकुलीला उचललं आणि रिक्षाला हात केला. नवऱ्याची नव्हे, मिळेल ती. पोरगी हातात घेतली तर वजनच नव्हतं. मागून ऋत्विक पायरीवर येऊन ओरडत होता, "परत या दुकानात पाय ठेवायचा नाही! ती टेस्ट किट दुकानाची आहे!" पूनमनं वळूनही बघितलं नाही. दुकानाची म्हणे! बाटल्या गटारीत ओतताना दुकान आठवलं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी छकुलीच्या पापण्या वर केल्या, पोट दाबलं आणि विचारलं, "किती दिवस झाले?" सरस्वतीबाई बोटांवर दिवस मोजू लागल्या. काय सांगणार, चार खेपा मासे मेले म्हणून? दुपारी गाडी करून पोरीला अकोल्याला हलवलं. गाडीत बसताना सरस्वतीबाईंनी पूनमला हातानं बाजूला सारलं. बाटली आणि तो लाल कागद मात्र त्यांच्या पिशवीत होते.

संध्याकाळी शेठचा फोन आला. इंद्रभान शेठ कधी चढ्या आवाजात बोलत नसे, त्याचा राग असा साखरेत घोळून यायचा. "पूनमबाई, ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या दुकानात तमाशा करते का माणूस?"

"मीठ खाल्लं म्हणून लोकांना गू पाजू का शेठ?" पूनम म्हणाली आणि फोन ठेवला. ठेवल्यावर ती हमसून हमसून रडली, नोकरी गेली म्हणून आणि रागानं, दोन्हीनं.

दुसऱ्या दिवशी ती फकीर मोहम्मद चाचांकडे गेली. चाचा ओसरीत खाटेवर पाय लांब करून बसले होते. तिनं सगळं सांगितलं, काहीही न लपवता. तीन वेळा ते वाक्य बोलल्याचंही सांगितलं. तिला वाटलं चाचा म्हणतील, तुझा नाइलाज होता बेटा. ते तसं म्हणाले नाहीत.

"पहिल्या दिवशी बाटली मांगितली असती तं?" त्यांनी विचारलं.

"तर पहिल्या दिवशीच कळलं असतं."

चाचांनी गुडघा चोळला. "मैं ने मछली के वास्ते बोला था, पहले पानी," ते म्हणाले. "मले बी मालूम नोतं का मानसासाठी बोलून राह्यलो." मग त्यांनी आत हाक मारून एक टेबल ओसरीत आणायला सांगितलं.

तीन आठवडे पूनम त्या टेबलाशी बसली. कुणी कुणी जुनं गिऱ्हाईक यायचं, टाकी धुवायला, मासे बघायला बोलवायचं. बाकी वेळ ती बसून असायची आणि फोनकडे बघायची. वरवट बकालच्या एका बाईकडून एवढंच कळलं होतं की छकुली अजून अकोल्यालाच आहे. बाकी कुणी काही सांगेना. पूनम रोज मनात ऋत्विकला शिव्या द्यायची, शेठला द्यायची, आणि शिव्या संपल्या की तिच्या कानात स्वतःचाच आवाज यायचा. बरं झालं आजी. त्या आवाजाला कुठली शिवी द्यायची ते तिला सापडत नव्हतं.

बाविसाव्या दिवशी ओसरीसमोर काळीपिवळी थांबली आणि सरस्वतीबाई उतरल्या. खांद्याला दोन्हीकडे पिशव्या, जड. पूनम उठून उभी राहिली. बाईंनी तिच्याकडे बघितलंच नाही. पिशव्या टेबलावर ठेवल्या आणि एकेक बाटली काढू लागल्या. एक, दोन, पाच, नऊ. प्रत्येकीवर शाळेच्या वहीचा कागद डकवलेला, त्यावर वाकड्यातिकड्या अक्षरांत घरांची नावं: आशाबाई, कारभारी, बिस्मिल्ला, शालिग्राम. अक्षर लहान मुलाचं होतं.

"हे कोणी लिहिलं?" पूनमनं विचारलं.

"छकुलीनं. काल घरी आनली. अजून पथ्यावर हाये." सरस्वतीबाई श्वास घ्यायला थांबल्या. "डॉक्टर म्हने आठ दिस अजून उशीर केला असता तं हाती लागली नसती."

पूनम पुढे झाली. "आजी, मी..."

"तू चूप राह्य!" बाईंचा आवाज अख्ख्या गल्लीत गेला. खाटेवर चाचा दचकले. "माफ-बिफ काई नाई केलं मी तुले. करनार बी नाई. ते आठ दिस, पंधरा दिस, पोरगी तडफडे अन् मी माशाले हात जोडो. ते मी मरेलोक इसरत नाई." त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक घडी काढली. कव्हर काढून टाकलेला तो लाल कागद होता. तो त्यांनी टेबलावर उलटा ठेवला, कोरी बाजू वर, आणि त्यावर पेन आपटला.

"हे नऊ घरचं पानी हाये. पाह्य, अन् ज्याचं जे हाये ते याच्यावर लिहून दे. वाचून दाखवाले मी हाये." मग त्या समोरच्या खुर्चीत बसल्या, पदर खोचला आणि पूनमच्या हाताकडे एकटक बघत म्हणाल्या, "आता खरं सांगजो."

पूनमनं निळी पेटी उघडली आणि पहिली बाटली जवळ ओढली.